हप्ता कोणाला विचारून?

गोव्यात फोंड्यातल्या एका पतसंस्थेत मी अठरा वर्षं वसुलीचं काम पाहिलं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, महिन्यात हप्ता येत नाही, हे तिथे पहिल्याच वर्षी कळलं. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, मुंबईहून येणारी भावंडं, पोरांचे कपडे. त्या दिवसांत कुणाच्या दारात वसुलीची वही घेऊन उभं राहण्यात अर्थ नसे. उलट एप्रिल-मेमध्ये काजूचा हंगाम जोरात आला की सत्तरी तालुक्याकडचा माणूस न बोलावता येई आणि तीन-तीन हप्ते एकदम भरून जाई. कर्जरोख्यावर बारा सारखे हप्ते लिहिलेले असतात. माणसाची मिळकत तशी सारखी कधी असते? ज्या सचिवाला हे उमगलं त्याची थकबाकी आटोक्यात राहिली. ज्यानं रोख्यावर बोट ठेवलं तो लवादाच्या तारखा मोजत बसला.

हे आठवायचं कारण, तिंट्यावर, म्हणजे आमच्या बाजारातल्या चौकात, मध्यंतरी झालेला वाद. शेअर बाजारात किंवा गुंतवणुकीच्या योजनांत लोकांना बुडवणाऱ्यांना न्यायालय कधीकधी वसुलीची रक्कम हप्त्यांनी भरायची मुभा देतं, त्यावरून विषय निघाला. "माझ्या स्कूटरच्या हप्त्याला बँक चार दिवस थांबत नाही, आणि ह्यांना दीड-दीड वर्ष?" एकजण म्हणाला. हप्ता या शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे, तोही कुणीतरी काढलाच, आणि हशा झाला. बहुतेकांचं मत एकच: जप्त करा, विका, वाटून टाका.

माझं मत तिथे कुणाला रुचलं नाही. मी म्हटलं, हप्ते द्यावेत. फसवणाऱ्यालासुद्धा द्यावेत. माझी तक्रार वेगळी आहे. ते हप्ते बांधताना ज्याचे पैसे गेले त्याला कुणी विचारत नाही, आणि पुढे आलेला पैसा कुठे गेला हेही त्याला कुणी दाखवत नाही.

आधी जप्तीचं बोलू. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा उसगाव, सावर्डे, डिचोली या पट्ट्यात ट्रक जागच्या जागी उभे राहिले. ट्रकवर कर्ज, कर्जाला शेजाऱ्याचा जामीन, आणि शेजाऱ्याचाही एक ट्रक. ज्यांनी घाईघाईनं ट्रक ओढून आणले त्यांच्या आवारात ते तसेच राहिले. सगळेच विकायला निघाले तर घेणार कोण? टायर बसले, टपात पावसाचं पाणी साठलं. ज्यांनी कर्जदाराला थोडं सांभाळून घेतलं, दुसरीकडे भाडं मिळेपर्यंत फक्त व्याज भरायला सांगितलं, त्यांच्या पदरात काहीतरी पडलं. जप्त केलेल्या वस्तूची किंमत कागदावर एक असते आणि लिलावाच्या दिवशी दुसरी, हे मला तिथे दिसलं.

मोठ्या मालमत्तेचंही तेच होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सहारा समूहाच्या, लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीचा लिलाव लावला, राखीव किंमत ३७,३९२ कोटी रुपये. बोली लागलीच नाही. पर्ल्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पीएसीएलनं जमिनीच्या नावाखाली लोकांकडून ४९,००० कोटींच्या वर रक्कम गोळा केली. २०१६ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ती त्या जमिनी विकून पैसे परत करण्यासाठी. जमिनी देशभर पसरलेल्या. कुठे कागद अपुरे, कुठे कब्जा दुसऱ्याचा. गोव्यात एका घरासाठी चार पिढ्यांच्या सह्या गोळा करणाऱ्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.

त्या समितीनं केलेली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. त्यांनी आधी अगदी लहान दाव्यांना हात घातला. सुरुवात अडीच हजारांपर्यंतच्या रकमेपासून, मग मर्यादा पायरीपायरीनं वर. ज्याचे दोन हजार गेले त्याला ते आज मिळाले तर उपयोगी पडतात. ज्याचे वीस लाख गेले तो दुखावलेला असला तरी बहुधा थोडं थांबू शकतो. आमच्या वसुली समितीत हे शहाणपण आपोआप असे, कायद्याच्या भाषेत ते क्वचितच उतरतं.

आता हप्त्यांच्या बाजूनं बोलताना सहाराचं नाव टाळून चालणार नाही, कारण तिंट्यावर सगळे तेच तोंडावर फेकतात. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी डिबेंचरच्या, म्हणजे कंपनीला दिलेल्या कर्जाच्या, रूपानं सुमारे तीन कोटी लोकांकडून पैसा उचलला होता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी २४,००० कोटींच्या वर रक्कम १५ टक्के व्याजासह तीन महिन्यांत सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेकडे, भरायला सांगितली. मुदत संपली, पैसा आला नाही. मग ५ डिसेंबरला हप्ते पाडून मिळाले: ५,१२० कोटी ताबडतोब, १०,००० कोटी जानेवारी २०१३ च्या पहिल्या आठवड्यात आणि उरलेले फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. पहिला आला, पुढचे दोन आले नाहीत. २०१४ च्या मार्चमध्ये सहाराचे प्रमुख सुब्रत रॉय तिहारमध्ये गेले. २०१५ च्या जूनमध्ये आणखी एक वेळापत्रक ठरलं: ३६,००० कोटी, अठरा महिने, नऊ हप्ते. ॲम्बी व्हॅलीचा लिलाव निघाला तो हेही बिनसल्यावर.

कुठल्याही पतसंस्थेतल्या कारकुनापुढे डिसेंबर २०१२ चं ते वेळापत्रक ठेवलं असतं तर त्यानं एकच प्रश्न विचारला असता: हा माणूस जानेवारीत दहा हजार कोटी आणणार कुठून? कोणता धंदा, कोणतं भाडं, कोणत्या विक्रीचा करार? मिळकतीशी बांधलेला नसेल तर त्या हप्त्याला मी हप्ता म्हणत नाही. त्याला मुदतवाढ म्हणावं, तीन तुकडे केलेली. आणि मुदतवाढीचा फायदा नेहमी ज्याच्याकडे वकील जास्त त्याला.

पण खरी मेख पुढे आहे. सहाराकडून जे जमलं आणि त्यावर जे व्याज साठलं, ते मिळून सेबीच्या खात्यात पंचवीस हजार कोटींच्या आसपास झालं. त्यातून सेबीनं गुंतवणूकदारांना परत केलेली रक्कम होती १३८ कोटींच्या आसपास. अर्ज कमी आले, जे आले त्यांतल्या अनेकांचे कागद जुळले नाहीत. २०२३ च्या मार्चमध्ये त्यातले ५,००० कोटी सहाराच्या सहकारी संस्थांमधल्या ठेवीदारांसाठी वळवायला न्यायालयाने परवानगी दिली आणि जुलैत त्यासाठी पोर्टल निघालं. म्हणजे हप्ता वसूल होणं ही अर्धी वाट. तो खात्यापर्यंत पोचला. माणसापर्यंत पोचण्याचं वेळापत्रक कुणी लिहिलंच नव्हतं.

कायद्यात कमतरता आहे का? मला वाटतं, लोक समजतात तितकी नाही. सेबी कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीनं २८अ हे कलम आलं आणि सेबीच्या वसुली अधिकाऱ्याला आयकर खात्याची हत्यारं मिळाली: बँक खातं गोठवणं, मालमत्ता विकणं, अटकसुद्धा. त्या हत्यारांबरोबर आयकर कायद्यातलं थकबाकीचं कलमही आलं, आणि त्यात हप्त्यांची सोय आहे. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी बाकी त्याच दिवशी थकीत धरायची, असंही तिथेच स्पष्ट लिहिलं आहे. व्याज महिन्याला एक टक्का. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही नक्की केलं की दंड न भरणाऱ्याचं व्याज मूळ आदेशात दिलेली मुदत संपल्यापासून धावतं, वसुलीची नोटीस लागण्याची वाट पाहत नाही. हा निर्णय चांगलाच झाला. नाहीतर अपिलात घालवलेली वर्षं म्हणजे बिनव्याजी कर्जच.

अमेरिकेतली रीत आपल्याला परकी वाटते, पण सांगाडा तोच आहे. एसईसीच्या, म्हणजे तिथल्या सेबीच्या, खटल्यांत आरोपीशी तडजोड होते तेव्हा अनेकदा निकालपत्रातच हप्त्यांच्या तारखा घातलेल्या असतात. एक तारीख चुकली तर सगळी बाकी व्याजासह एकदम मागता येते. ऐपत नाही म्हणणाऱ्याला शपथेवर सगळ्या मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं, आणि ते खोटं निघालं तर दिलेली सवलत मागे घेता येते. तरीही तिथे सगळं सुरळीत चालतं असं नाही. जॉर्डन बेलफोर्ट या शेअर दलालाला २००३ मध्ये सुमारे ११ कोटी डॉलरची भरपाई लावली गेली, मिळकतीचा निम्मा वाटा भरायच्या अटीवर. दहा वर्षांनी सरकारी वकील सांगत होते की जमा झालेत जेमतेम १ कोटी १६ लाख, आणि तेही बहुतेक जप्त मालमत्ता विकून. मिळकतीचा वाटा ठरवणं मला तत्त्वतः पटतं. काजूवाल्याला आम्ही तेच करत होतो. पण मिळकत किती हे ज्यानं सांगायचं तोच जर फसवण्यात पटाईत, तर त्याच्या मिळकतीवर नजर ठेवणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो. तेवढा खर्च करायची तयारी नसेल तर टक्केवारीच्या भानगडीत पडू नये.

आणि इथे गोव्याची एक खास गाठ आहे. सेबीच्या त्या २८अ कलमात म्हटलंय की रक्कम देय झाल्यावर थकबाकीदारानं बायकोच्या, अज्ञान मुलांच्या किंवा सुनेच्या नावावर पुरेसा मोबदला न घेता मालमत्ता केली, तर तीही त्याचीच धरायची. देशात इतरत्र ही पळवाट बंद करायला हे पुरेसं ठरत असेल. गोव्यात लग्न झालं आणि वेगळा करार केलेला नसला की पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यानं मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक होते. आयकर कायद्यानंही ते मानलं. त्यात खास आपल्यासाठी तरतूद आहे, पगाराखेरीजची मिळकत नवरा-बायकोत निम्मी-निम्मी दाखवायची. म्हणजे इथे अर्धं घर बायकोचं होतं ते लग्नानं. नंतरच्या कुठल्या हस्तांतराची त्याला गरज पडत नाही, म्हणून सेबीचं ते कलम तिथवर पोचत नाही.

यात दोन्ही बाजूंनी अन्याय होऊ शकतो. नवऱ्यानं बाजारात काय केलं याचा पत्ताही नसलेली बाई अर्ध्या घरासाठी कोर्टात उभी राहते. नाहीतर सगळं ठाऊक असलेलं जोडपं त्या अर्ध्याच्या आड निवांत बसतं. पतसंस्थेत आम्ही दोघांची सही घेतल्याशिवाय घर तारण ठेवत नव्हतो, आणि सही घेताना बाईला कागद वाचून दाखवायचा असा माझा नियम होता. काही नवरे चिडायचे. हप्त्यांची मुभा मागणारा माणूस गोव्यातला असेल तर त्याच्या ऐपतीच्या शपथपत्रात सामाईक मालमत्तेची पूर्ण यादी हवी, आणि त्या बाईचं म्हणणं स्वतंत्रपणे ऐकलेलं हवं. हे वेळापत्रक ठरायच्या आधी व्हायला पाहिजे. नाहीतर तिसरा हप्ता चुकल्यावर घर विकायला गेलं की मग वाटणीचा दावा उभा राहतो, आणि आमच्याकडे वाटणीचे दावे किती चालतात ते सांगायला नको.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर २०, नियम ११ मध्ये, फार जुनी आणि फार सभ्य तरतूद आहे. हुकूमनामा देताना न्यायालय स्वतः हप्ते पाडू शकतं. पण एकदा हुकूमनामा झाल्यानंतर देणेकऱ्याला हप्ते हवे असतील तर घेणेकऱ्याची संमती लागते. तिंट्यावरच्या भाषेत, ज्याचे पैसे त्याला विचारा. खेड्यातल्या दोन भावांच्या हजार रुपयांच्या भांडणात हा मान मिळतो. हजारो कोटींच्या फसवणुकीत तो मिळत नाही, कारण तिथे घेणेकरी कागदावर सेबी असते. पैसे परत करणारा आणि सेबी, यांच्यात न्यायालय मध्यस्थ. ज्यानं आयुष्यभर साठवून दिले तो प्रेक्षकांच्या बाकावर, तेही दिल्ली-मुंबईला जाऊन बाकावर बसण्याची ऐपत असली तर.

तीन कोटी लोकांची संमती कशी घेणार, असा प्रश्न लगेच येतो. एकेकाची घ्यावी असं मी म्हणतच नाही. दिवाळखोरीच्या कायद्यात २०१८ ची दुरुस्ती झाली तेव्हा घर बुक करून अडकलेल्या शेकडो-हजारो ग्राहकांना घेणेकऱ्यांच्या समितीत जागा मिळाली. ते सगळे खोलीत येऊन बसत नाहीत. त्यांच्या वतीनं एक अधिकृत प्रतिनिधी बसतो आणि त्यांचं मत मांडतो. बिल्डरच्या बाबतीत जे जमलं ते गुंतवणूक कंपनीच्या बाबतीत का जमू नये? हप्त्यांचा अर्ज आला की गुंतवणूकदारांच्या प्रतिनिधीला नोटीस जावी, मागितलेलं वेळापत्रक मराठी-हिंदीसह लोकांच्या भाषांत प्रसिद्ध व्हावं, आणि हरकतीला महिनाभर मिळावा. माझा अनुभव असा की लोक हरकत घेतीलच असं नाही. पैसे यायची खरी शक्यता दिसली तर फसलेला माणूस फार समजूतदार असतो. न विचारल्याचा राग मोठा असतो.

दुसरं, आलेल्या रुपयातला पहिला वाटा कोणाचा? पतसंस्थेत हप्ता आला की आधी खर्च, मग व्याज, मग मुद्दल असा क्रम ठरलेला असतो. कर्जदार कुरकुरतो, पण त्याला तो ठाऊक असतो. सेबीच्या प्रकरणात एकाच माणसावर दंड, बेकायदा नफ्याची वसुली, परतावा, व्याज असं सगळं एकदम असू शकतं. दंड देशाच्या संचित निधीत जातो, सेबी कायद्याच्या १५जेए कलमानं. वसूल केलेला बेकायदा नफा गुंतवणूकदार संरक्षण निधीत. ज्याच्याकडे शंभरातले चाळीसच आहेत त्याचे ते चाळीस आधी सरकारच्या तिजोरीत गेले, तर फसलेल्याच्या दृष्टीनं हप्ता आला काय आणि न आला काय. अमेरिकेनं २००२ च्या कायद्यानं यातून वाट काढली: दंडाची रक्कमसुद्धा बळी पडलेल्यांच्या निधीत घालता येते. आपल्याकडे न्यायमूर्ती वाधवा समितीच्या शिफारशींवर आयपीओ, म्हणजे शेअरच्या पहिल्या विक्रीच्या, घोटाळ्यातला काही पैसा लाखो अर्जदारांना वाटला गेला, म्हणजे वाटप अशक्य नाही. तेव्हा फसलेल्यांचे पैसे फिटेपर्यंत दंडाचा रुपयाही तिजोरीत जाऊ नये, एवढी एक ओळ संसदेनं कायद्यात घालावी असं मला वाटतं. तिजोरी थांबू शकते.

लहान माशांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. टेलिग्रामवर शेअरच्या टिपा विकणारा पंचवीस वर्षांचा पोरगा पकडला जातो. पकडलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्याची सगळी खाती एकदम गोठवली तर तो नोकरीचा पगार कुठे घेणार आणि भरणार कशातून? सेबीच्या वार्षिक अहवालात ३१ मार्च २०२४ रोजी 'वसूल होणं कठीण' या सदरात ७६,२९३ कोटी रुपये होते. त्यातला मोठा वाटा मोजक्या मोठ्या प्रकरणांचा. लहानांची वसुली हप्त्यांनी होऊ शकते आणि मोठ्यांची मालमत्ता वेळेत सांभाळली तर होऊ शकते. होतं मात्र उलट. मोठ्याला वेळापत्रक मिळतं, लहानाला कुलूप.

आमच्या ओळखीची मार्दोळची एक मावशी आहे. देवळासमोर जायांच्या फाती, म्हणजे जाईच्या फुलांच्या वेण्या, विकते. जमिनीत पैसे गुंतवतो म्हणणाऱ्या एका कंपनीत तिनं काही वर्षं महिन्याला दोनशे रुपये भरले. कंपनीचं नाव लिहीत नाही. एजंट तिच्या नात्यातलाच होता, नेहमीसारखा. तो अजून सणाला येतो, खाली मान घालून जेवतो आणि जातो. आमच्या पतसंस्थेतून तिनं फ्रीजसाठी कर्ज घेतलं होतं, ते तिनं बारा हप्त्यांत फेडलं. चवथीचा एक चुकला, तो तुळशीच्या लग्नाआधी आणून दिला. मी मार्दोळला गेलो की ती फात बांधताबांधता विचारते, "म्हजे पयशे केन्ना मेळटले रे?" (माझे पैसे कधी मिळणार रे?) मी तिच्या पावत्या घेऊन दोनदा मोबाइलवर शोधाशोध केली. प्रकरण चालू आहे एवढंच कळलं. किती आले, कशात गेले, किती उरले, यातलं काही नाही.

मला तिच्यासाठी फार मोठं काही मागायचं नाही. पाच रकाने पुरेत: तारीख, आलेली रक्कम, दंडात वळवलेली, लोकांना दिलेली, बाकी. दर तिमाहीला एक ओळ, फोनवर उघडेल अशी. आमच्या संस्थेत प्रत्येक सभासदाला असं पासबुक मिळत असे, आणि हरवलं तर वीस रुपयांत दुसरं.